पाणी न पिणाऱ्या टाइल्स

धाकट्यांच्या बाथरूमची फरशी बदलायची हे एकदाचं ठरलं, तेव्हा त्या फरशीखेरीज घरात सगळ्यांना आनंद झाला. फरशी मात्र शेवटपर्यंत मनातून राजी नव्हती, असं पुढं जे काही झालं त्यावरून म्हणावं लागतं.

धाकटे म्हणजे घरातलं शेंडेफळ. आता केस पिकले, चष्मा जाड झाला, ऑफिसात हाताखाली माणसं आली, तरी शेंडेफळ ते शेंडेफळच. फार पूर्वी त्यांची आई इमारतीचा जिना चढताना ‘अरे धाकट्या, पिशवी धर’ असं ओरडली आणि त्या दिवसापासून सगळ्या मजल्यांवर त्यांचं हेच नाव पडलं. पुढं कुणीतरी अदबीनं त्याचं ‘धाकटे’ केलं. इमारतीच्या समितीची पत्रंसुद्धा याच नावानं येत. धाकट्यांनी सुरुवातीला निषेध नोंदवला होता, पण निषेधाला उत्तर आलं तेही ‘श्री. धाकटे यांस’ असंच.

आई राहायची थोरल्याकडे, म्हणजे दादांकडे. मागं एकदा ती धाकट्यांकडे मुक्कामाला आली होती, तेव्हा बाथरूमच्या शेवाळलेल्या फरशीवरून तिचा पाय सटकला. नळ धरला म्हणून ती वाचली, नळ मात्र वाचला नाही. दुसऱ्याच दिवशी दादा गाडी घेऊन आले, बुटाच्या टोकानं फरशी तपासली, आईची बॅग उचलली आणि म्हणाले, “आधी हे नीट कर, मग आईला बोलाव.” त्याला आता काही वर्षं लोटली होती. आई फोनवर दर वेळी विचारायची, बाथरूमचं काय झालं रे, आणि धाकटे दर वेळी म्हणायचे, बघतोय. त्यांना आई घरी हवी होती. हे ते चारचौघांत बोलले नसते, कारण या वयात आई हवी म्हणणारा माणूस हास्यास्पद दिसतो, पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ‘आलास का’ असं विचारणारं कुणी दारात असावं, असं त्यांना फार वाटायचं. बायको विचारायची नाही असं नाही, पण ती पुढं ‘येताना सांगितलेलं आणलंत का’ हेही विचारायची.

शेवटी बायकोच म्हणाली, “अहो, सासूबाई ऐंशीच्या झाल्या. फरशीसाठी माणसाला किती थांबवायचं?” धाकटे चपला घालून थेट टाइल्सच्या दुकानात गेले.

टाइल्सचं दुकान ही माणसाला आपलं अज्ञान मोजून दाखवणारी जागा आहे. दुकानदारानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग ग्लेझ्ड पोर्सिलेन या विषयावर असं काही बोलायला सुरुवात केली की धाकट्यांना वही आणली नाही याचं वाईट वाटलं. माती कशी पिठासारखी दळतात, प्रचंड दाबाखाली कशी दाबतात, वर काचेचा थर चढवून भट्टीत कशी भाजतात. त्यानं टाइलवर किल्ली घासून दाखवली, ओरखडा नाही. चहा ओतून दाखवला, डाग नाही. मग टाइल पालथी करून मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकला. थेंब होता तिथं तसाच बसून राहिला. “ही पाणी पीतच नाही साहेब,” दुकानदार अभिमानानं म्हणाला, जणू मुलाला कसलं व्यसन नाही असं स्थळाला सांगत होता.

एवढ्यावर थांबता तर पुढचं रामायण टळलं असतं असं नाही, पण दुकानदारानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की बाथरूमच्या जमिनीला चकचकीत नको, खरखरीत घ्या. दुसरी ही, की ही टाइल पाणी पीत नसल्यामुळं साधं सिमेंट तिला नीट धरत नाही, तेव्हा चिकटवायला ही वेगळी पावडरची गोणी न्या. धाकट्यांना दोन्हींत धंद्याचा वास आला. खरखरीत टाइल दिसायला अगदीच मलूल होती आणि दादांच्या बाथरूममध्ये तर आरशासारखी चकचकीत जमीन होती. दादांकडे चकचकीत, म्हणजे चकचकीतच बरोबर. हे गणित धाकटे लहानपणापासून असंच सोडवत आले होते. दादा निळी शाई वापरत म्हणून यांनी निळी शाई वापरली, दादांनी मिशी ठेवली म्हणून यांनीही ठेवली, आणि दादांनी काढली तेव्हा संध्याकाळच्या आत यांचीही गेली. त्यांनी चकचकीत टाइल्स घेतल्या. गोणी मात्र बायकोचा फोन आला आणि तिनं ‘दुकानदार सांगतोय तर घ्या’ असं बजावलं म्हणून घेतली.

इमारतीत फरशी फोडायची तर समितीची परवानगी लागते. सेक्रेटरींनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि नियम सांगितले. हातोडा दिवसाच चालवायचा. दुपारी चालवायचा नाही, कारण दुपारी ज्येष्ठ सभासद विश्रांती घेतात. सकाळी चालवायचा नाही, कारण सकाळी सेक्रेटरी स्वतः वाचन करतात. संध्याकाळी मुलांचे अभ्यास. या सगळ्यातून जी फट उरत होती तेवढ्या वेळात गवंडी जेवायला जातात. शिवाय टाइल्स लिफ्टमधून न्यायच्या नाहीत, आणि ज्यांच्या डोक्यावर हे बाथरूम येतं त्या खालच्या बिऱ्हाडाची ना हरकत सही लागेल. धाकटे जिना उतरून खालच्या बिऱ्हाडात गेले, आणि इथं या कथेत पाणीवाले काका शिरले ते अखेरपर्यंत बाहेर पडले नाहीत.

पाणीवाले काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं तरी पाणी सुटलं नव्हतं. इमारतीत कुठंही नळ गळला की काका हजर, मग बोलावलेलं असो वा नसो. सहीला त्यांची हरकत नव्हती. अट एवढीच, की काम त्यांच्या देखरेखीखाली व्हावं. ही अट किती मोठी आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कारण काका स्वतःची खुर्ची घेऊन वर आले आणि बाथरूमच्या दारासमोर ती मांडून बसले. त्यानंतर त्या घरात कुणालाही कुठंही जायचं झालं, तरी काकांचे पाय ओलांडून जावं लागे.

काकांची पहिली नजर पावडरच्या गोणीवर गेली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. धाकट्यांनी दुकानदाराचं म्हणणं सांगितलं. काका हसले. अख्ख्या शहराच्या टाक्या साध्या सिमेंटवर उभ्या आहेत आणि तुमचं एवढंसं बाथरूम उभं राहणार नाही का, असं त्यांनी विचारलं. बाथरूम उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता, जमीन आडवीच असते, पण हे धाकट्यांना पुढच्या आठवड्यात सुचलं. गवंडी तर काकांहून पुढचा निघाला. गोणी पाहताच त्याचा चेहरा पडला. माझ्या हातावर भरवसा नसेल तर तसं सांगा, म्हणाला. आता आलेला गवंडी परत जाणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. धाकट्यांनी गोणी रिक्षात घालून दुकानात परत नेली. दुकानदारानं ती घेतली आणि फक्त एकदा वर छताकडे पाहिलं.

टाइल्स मात्र भिजत घालायच्या, हा काकांचा दुसरा हुकूम. टाइल पाण्यात घातली की बुडबुडे येतात, बुडबुडे थांबले की ती पोटभर प्याली असं समजायचं आणि मग बसवायची, म्हणजे ती सिमेंटमधलं पाणी शोषून घेत नाही. जुन्या टाइल्सच्या बाबतीत हे सोळा आणे खरं होतं. गवंड्यानं मान डोलावली. समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशींनीही आमच्या वेळी असंच केलं होतं म्हणून साक्ष दिली. मग साऱ्या इमारतीतल्या बादल्या, टब, पिंपं आणि एका बाळाचं अंघोळीचं घमेलं धाकट्यांच्या घरात गोळा झालं, आणि त्यांत टाइल्स बुडवल्या गेल्या.

बुडबुडे काही येईनात. धाकटे ऑफिसला दांडी मारून टबाशी उकिडवे बसले. पाणी स्थिर, टाइल स्थिर, काकाही स्थिर. दुकानदारानं ही टाइल पाणी पीत नाही असं सांगितलं होतं, हे धाकट्यांना आठवलं आणि त्यांनी ते भीतभीत काकांना सांगितलं. काका म्हणाले, पीत नाही म्हणजे काय, सवय नसेल, राहू द्या. खोकाही धाकट्यांनी वाचून दाखवला. पाणी शोषण जवळजवळ शून्य, असं त्यावर छापलेलं होतं. जवळजवळ या शब्दावर काकांनी बोट ठेवलं. आता पेच असा होता, की बुडबुडे थांबले की टाइल काढायची, पण जे सुरूच झाले नाहीत ते थांबणार कसे? गवंडी म्हणाला, जोवर थांबत नाहीत तोवर मी हात लावणार नाही. समोरच्या मावशींनी पाणी कोमट करून पाहायला सांगितलं. ते केलं. तिकडं जुनी फरशी उखडलेली होती, बादल्या सगळ्या टाइल्सनी अडवल्या होत्या, आणि धाकट्यांच्या इमारतीत आजवर झाली नव्हती अशी अंघोळीची टंचाई निर्माण झाली.

धाकटे समोरच्यांकडे अंघोळीला जाऊ लागले. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी, आणि जिन्यात रोज नेमके सेक्रेटरी. ऑफिसात ज्याच्या सहीवाचून कागद हलत नाही अशा माणसाला ‘काय धाकटे, आज उशीर झाला?’ असं कुणी साबणाच्या डबीकडे बघत विचारावं, याहून मोठी मानहानी त्यांना ठाऊक नव्हती. शेवटी बायकोच वैतागली. तिनं बाळाचं घमेलं परत करायला म्हणून त्यातल्या टाइल्स काढल्या, पुसल्या, आणि गवंड्यासमोर ठेवून सांगितलं की बुडबुडे येऊन गेले, तुम्ही चहाला गेला होता. काकांचा चेहरा खुलला. काम पुढं सरकलं.

बसवलेली जमीन दिसत होती मात्र झकास. वाकून पाहिलं तर चेहरा दिसायचा. गवंड्यानं उतार असा सुरेख काढला होता की पाणी सरळ जाळीकडे धावायचं. धाकट्यांनी कौतुकानं सेक्रेटरींना पाहायला बोलावलं. सेक्रेटरी चपला काढून आत गेले, आणि कुणीही त्यांना हात न लावता, उभ्याउभ्या, मान ताठ ठेवून, पाण्याच्याच वाटेनं जाळीपर्यंत जाऊन थांबले. बाहेर आल्यावर त्यांनी काम छान झालंय असं सांगितलं, पण भिंत धरून सांगितलं. बायकोनं धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी रबराची चटई आणून टाकली. दुसऱ्या दिवशी ते चटईवर उभे राहिले आणि चटईसकट दारापर्यंत आले. तरी त्यांचा धीर सुटला नाही. दादांकडे अगदी अशाच टाइल्स आहेत आणि आई तिथं कधी पडलेली नाही, असं ते बायकोला सांगत राहिले, आणि त्यांनी आईला फोन करून कळवून टाकलं, की झालं बाथरूम, तू ये. आईच्या आवाजातला आनंद त्यांनी दिवसभर ऑफिसात पुरवून पुरवून आठवला.

चार दिवस गेले असतील नसतील, पाणीवाले काका सवयीनं डोकावले आणि त्यांनी खिशातलं नाणं काढून टाइलवर वाजवलं. आवाज बद्द आला. दुसरीवर वाजवलं, तिथंही बद्द. फुटक्या मडक्याचा यावा तसा आवाज सगळ्या जमिनीतून येत होता. खाली पोकळ आहे, काका गंभीर होऊन म्हणाले. बातमी फुटली, आणि दुपारपर्यंत इमारतीतला प्रत्येक जण नाणं घेऊन आपापली जमीन वाजवत होता. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं काही बिघडलं नव्हतं त्यांनाही आता झोप येईना, आणि या सगळ्याचं खापर धाकट्यांच्या डोक्यावर फुटलं.

संध्याकाळी बायको बादली सरकवायला गेली, तर बादलीच्या काठाबरोबर एक टाइल अलगद वर आली. खाली पाणी साठलेलं. टाइलची पाठ धुऊन ठेवलेल्या ताटासारखी स्वच्छ, सिमेंटचा कण नाही. तिनं शेजारची उचलली, तीही आली. धाकट्यांनी एक उचलून पाहिली. सगळ्या आल्या. काका म्हणाले, कमी भिजल्या. बायकोनं पर्स घेतली, दुकानात गेली आणि तीच गोणी घेऊन आली. दुकानदारानं म्हणे ती वेगळी काढूनच ठेवली होती.

गोणी या खेपेला राहणार हे काकांनी ओळखलं, आणि पुढचे सगळे सल्ले ते बसल्या जागेवरून जरा हळू आवाजात देऊ लागले. गवंडीही नरमला. आपली चूक असं तो म्हणाला नाही, पण फुकट काम करून देतो म्हणाला, यात सगळं आलं. त्यानं जमिनीवर सिमेंटचा नवा थर दिला, उतार तसाच राखला, आणि आता पकड चुकायला नको म्हणून थापीच्या टोकानं साऱ्या जमिनीवर आडव्याउभ्या रेघा मारल्या. हे सुकलं की उद्या टाइल्स बसवतो, असं सांगून तो गेला. गवंड्याचा उद्या कधी येतो हे पंचांगात नसतं. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा उलटत आला. सिमेंट खणखणीत वाळलं. गवंडी फोन उचलून ‘निघालोच’ एवढं सांगे आणि ठेवून देई.

आणि मग एका सकाळी दारात दादांची गाडी थांबली. आईला दम निघाला नव्हता. तिनं बॅग भरली, दादांना गाडी काढायला लावली, आणि धाकट्याला फोन करू नकोस, उगाच धांदल करील, असंही बजावलं. आई जिना चढत होती तेव्हाच, गवंड्यांच्या नेहमीच्या मुहूर्तज्ञानानं, गवंडीही थापी घेऊन उगवला. काका खुर्चीत होतेच.

आईनं दारातच धाकट्यांच्या गालावरून हात फिरवला. बारीक झालास, म्हणाली. ते खरं नव्हतं, पण धाकट्यांचे डोळे भरले. तोवर दादा आत पोचले होते. त्यांनी बाथरूमचं दार उघडलं. आत रेघारेघांची उघडी जमीन, कोपऱ्यात टाइल्सची चळत, गोणी. त्यांनी बराच वेळ पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मला वाटलंच होतं,” दादा म्हणाले आणि त्यांनी आईची बॅग पुन्हा हातात घेतली. “चल आई. तुझ्या धाकट्याचं हे असंच चालायचं.”

धाकट्यांना खूप काही सांगायचं होतं. बुडबुड्यांचं, गोणीचं, नाण्याचं. पण सांगितलं असतं तर दादांचंच म्हणणं शाबीत झालं असतं. आई आता जिन्यावरून उतरणार आणि पुन्हा कधी येणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. काका पहिल्यांदाच खुर्चीतून उठले आणि सल्ला न देता बाजूला झाले.

“जाऊ,” आई म्हणाली, “पण एवढ्या लांबून आले, हातपाय तरी धुऊ दे.”

ती आत गेली आणि दार लोटलं. आत नळ सुरू झाला. बंद झाला. पुन्हा सुरू झाला. हातपाय धुवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ झाला. धाकट्यांनी दारावर टकटक केली, आई, ठीक आहेस ना? आतून उत्तराऐवजी बादली भरल्याचा, मग तांब्या बुडवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आई गुणगुणायला लागली. बायकोनं मुकाट्यानं टॉवेल आणला. सासूबाईंनी अंघोळच काढली होती.

आई बाहेर आली ती ओल्या पावलांनी, भिंतीला हात न लावता, आणि खुर्चीत बसली. काकांची खुर्ची होती ती.

“किती दिवसांनी नीट अंघोळ केली बाई,” ती म्हणाली. “पाय कसा घट्ट बसतो तिथं. कुणी केलं रे हे?”

गवंड्यानं दचकून थापी पाठीमागं लपवली. दादा म्हणाले, आई, ते अर्धवट आहे, अजून टाइल्स बसायच्यात. आईनं कोपऱ्यातल्या चकचकीत चळतीकडे पाहिलं.

“त्या नकोत,” ती म्हणाली. “तुझ्याकडे आहेत ना तशा. रोज भिंत धरून जाते मी, बोटं आवळून आवळून पाय दुखतात. पाट टाकून बसते आणि दोन तांबे घेऊन उठते. रोज वाटतं, आज पडणार.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू इतक्या हौसेनं बसवल्यास. तुला कसं सांगणार?”

दादा खाली बघत राहिले. धाकट्यांनी जन्मभर दादांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर त्यांना मुळीच बरं वाटलं नाही. त्यांनी दादांच्या हातातली बॅग हळूच काढून घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. दादांनी ती सोडली.

चहा झाला. दादा उठून पुन्हा बाथरूममध्ये गेले, बूट काढून आत उभे राहिले, पाय घासून पाहिला. मग त्यांनी गवंड्याला विचारलं, की माझ्याकडे अगदी असंच करून देशील का. गवंड्यानं डोकं खाजवलं. नवीन पाहिजे ते देतो साहेब, म्हणाला, पण असंच पाहिजे म्हणाल तर कबूल करत नाही, हे ठरवून केलेलं नाही. पाणीवाले काका पुढं सरसावून म्हणाले, मी देखरेखीला येतो. दादांनी नम्रपणे नकार दिला. मग ते धाकट्यांच्या जवळ आले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी धाकट्यांना आपल्या घरात साधा खिळा ठोकू दिला नव्हता.

“तू येशील का रे?” ते म्हणाले. “उभं राहून करून घ्यायला. या आठवड्यातच आलास तर बरं.”

धाकट्यांना जन्मभर हे ऐकायचं होतं. त्यांनी आत पाहिलं. आई बॅगेतली लुगडी काढून कपाटात लावत होती आणि बायकोला कपाटाच्या अस्ताव्यस्तपणाबद्दल सांगत होती.

“सध्या जमणार नाही, दादा,” धाकटे म्हणाले. “आई आहे ना माझ्याकडे.”